सरावासाठी खुकरी: कापते किती, त्यापेक्षा थांबते कुठे ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: दोन-तीन वर्षं अर्निस, म्हणजे फिलिपिनो काठी-सुरीचा प्रकार, शिकलेले एक गृहस्थ दिवाळीनंतर नेपाळला चालले आहेत. तिथून सरावासाठी खुकरी आणायची आहे. बारा इंची सिरुपाते (सडपातळ पात्याची खुकरी) घ्यावी की अंगखोला (जाड, जड पात्याची), मूठ शिंगाची की लाकडाची, धार लावून घ्यावी की बोथट, असं त्यांनी विचारलं आहे. शेवटी 'एकदाच घ्यायची आहे, तर चांगलीच घेऊ' अशी पुस्तीही जोडली आहे.

आधी ती पुस्तीच खोडतो. एका खुकरीत भागत नाही. निदान दोन लागतात, एक लाकडाची किंवा प्लास्टिकची आणि एक पोलादाची, आणि पोलादाचा नंबर दुसरा. ब्रिटिश सैन्यातल्या गुरखा जवानालासुद्धा दोन खुकऱ्या मिळतात, एक परेडची आणि एक कामाची. दोन्हींची कामं वेगळी, म्हणून हत्यारं वेगळी.

पोलादाची घ्याल ती अशी घ्या: पातं पावणेनऊ इंचांच्या आसपास, नऊच्या वर मुळीच नाही. पोटाशी, म्हणजे पात्याच्या पुढच्या फुगीर भागाशी, रुंदी पावणेदोन इंचांच्या आत. म्यानाशिवाय वजन साडेतीनशे ते चारशे ग्रॅम. मूठ लाकडाची, आणि पात्याची शेपटी, म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा भाग, मुठीतून आरपार गेलेली. म्हणजे सिरुपातेच, पण बारा इंची नव्हे. अंगखोला नको. नऊ इंचांची अट कायद्यामुळे आहे, तिच्याबद्दल शेवटी सांगतो. बाकीच्या सगळ्या अटी मनगटामुळे आहेत.

खुकरीचं वजन पात्याच्या पुढच्या फुगीर भागात असतं. मुठीपासून थोडं पुढे गेलं की पातं खाली वळतं. नेपाळी घरात ती लाकूड फोडायला, बांबू तासायला, दसैंला, म्हणजे तिकडच्या दसऱ्याला, बोकड कापायला वापरतात आणि त्या कामांना हा आकार अगदी चपखल आहे. हात खाली आणला की उरलेलं काम वजन करतं, आणि फटका थांबवण्याचं काम समोरचा ओंडका करतो. सरावात समोर ओंडका नसतो. दहातले नऊ फटके हवेत जातात आणि प्रत्येक फटका तुमच्या मनगटाने, कोपराने आणि खांद्याने थांबवायचा असतो, थांबवून लगेच उलटवायचा असतो. कापायला जो गुण, तोच इथे ओझं होतो. म्हणून दुकानात गेल्यावर 'कापते कशी' हा प्रश्न बाजूला ठेवा. ही थांबते कुठे, एवढंच बघायचं.

हे बघायची रीत सोपी आहे. दुकानदाराला विचारून मोकळ्या जागेत या, आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करा. उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेकडे निम्म्या वेगाने तिरपा हात काढा आणि कमरेच्या उंचीवर थांबवा. हात थांबल्यावर टोक किती पुढे जातं ते बघा. वीतभर घसरत असेल तर ती तुमच्यासाठी जड आहे, मग ती कितीही देखणी असो. तिथूनच डावीकडून उजवीकडे उलटा हात काढा. असं वीस-पंचवीस वेळा सलग केल्यावर कोपराच्या बाहेरच्या बाजूला ताण जाणवू लागला, तर वजन अजून खाली आणा. दुकानात पाच मिनिटांत जाणवणारा ताण घरी महिन्याभरात दुखणं होऊन बसतो. तुमच्या अर्निसमधला अबानिको, म्हणजे मनगट पंख्यासारखं फिरवून मारायचा फटका, बारा इंची खुकरीने करून बघायच्या भानगडीत पडू नका. तो प्रकार वेताच्या हलक्या काठीसाठी आहे. पुढे वजन असलेल्या पात्याने केला की मनगटाच्या शिरा बोलू लागतात. खुकरीला शोभतात ते कोपर आणि खांद्यातून निघणारे, आठाच्या आकड्यात वाहणारे हात.

आता प्रकारांबद्दल. सिरुपाते हे नाव सिरू नावाच्या गवतावरून आलं आहे. लांबट, सडपातळ, वळण सौम्य. बुधुनेचं पातं पुढे चांगलंच रुंद, तिचं नाव मोठ्या डोक्याच्या माशावरून. भोजपुरे ही पूर्व नेपाळातल्या भोजपूरच्या कारागिरांच्या घडणीची, मध्यम अंगाची. अंगखोलाच्या पाठीला लागून खोलगट खाच काढलेली असते, त्यामुळे वजन थोडं उतरतं. तरी मूळ पातंच इतकं जाड असतं, पाठ आठ ते दहा मिलिमीटर, की उतरून उतरून ती सहाशे ग्रॅमच्या आसपासच राहते. पानावाल हे खरं तर पात्याचं नाव नाही, मूठ बसवण्याची पद्धत आहे: शेपटी मुठीच्या आकाराचीच सपाट ठेवून दोन्ही बाजूंनी लाकडाच्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकतात. दुकानांत ही नावं फार सैल वापरली जातात. एका दुकानातली सिरुपाते दुसऱ्याकडे भोजपुरे असते. म्हणून नावावर जाऊ नका. खिशात मोजपट्टी आणि सामान तोलायचा छोटा लटकता काटा ठेवा. काटा काढला की दुकानदार जरा चमकतो, पण मग लोखंडाबद्दल नीट बोलायलाही लागतो.

अंगखोला आणि तिच्याहून जाड 'जंगल' वगैरे नावांनी विकल्या जाणाऱ्या खुकऱ्या लोक घेतात त्या बहुधा युद्धकथा ऐकून. १८१४ मध्ये डेहराडूनजवळ नालापाणीच्या खलंगा गढीवर बलभद्र कुंवर यांच्या शिबंदीने कंपनी सरकारच्या फौजेला दिलेली झुंज, १८१५ पासून सुरू झालेली गुरख्यांची भरती, मग दोन महायुद्धं. कथा खऱ्या आहेत, पण त्यांतून खुकरी जाड असावी असं काही निघत नाही. काठमांडूला जाताच आहात तर खरेदीच्या आधी छाउनीच्या राष्ट्रीय संग्रहालयात अर्धा दिवस घालवा. जुन्या लष्करी खुकऱ्या बघून डोळा तयार होतो. २००३ मध्ये काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला, म्हणजे शस्त्रागारातला, जुना शस्त्रसाठा अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतला. त्यातही लांब, सडपातळ पात्यांच्या खुकऱ्या भरपूर होत्या. ज्यांना ती खरोखर कमरेला लावून डोंगर चढायचे होते, त्यांना उगाच वजन वाहायची हौस नव्हती. अशी एखादी जुनी खुकरी हाती लागलीच तर भिंतीवर लावा, सरावात फिरवू नका. आतली शेपटी गंजून किती उरली आहे ते बाहेरून कळत नाही.

शेपटीचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण हवेत फिरवताना मुठीतून निघालेलं पातं कुठे जाईल हे कोणाच्याच हातात नसतं. जुनी रीत अशी की शेपटी निमुळती करून मुठीत घालायची, आत लाखेसारखी राळ वितळवून भरायची आणि शेपटीचं टोक मुठीच्या बुडाशी धातूच्या टोपीवर ठोकून बसवायचं. ही रीत उत्तम आहे, शेपटी खरंच टोकापर्यंत गेली असेल तर. स्वस्त मालात ती अर्ध्यावरच संपते आणि उरलेलं काम राळेवर सोडलेलं असतं. वरून पितळी टोपी तशीच चकाकते. म्हणून बूड नीट बघा. टोपीच्या मधोमध ठोकलेल्या शेपटीचं टोक दिसलं पाहिजे. मग मूठ घट्ट धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मनगटावर ठोका द्या. आत कुठे टकटक, थरथर जाणवली तर खाली ठेवा. पानावालमध्ये शेपटी डोळ्यांना दिसतेच, त्यामुळे फसवणुकीला जागा कमी. मागे वजन वाढल्यामुळे तोलही थोडा मुठीकडे सरकतो. सरावासाठी पानावाल सिरुपाते मिळाली तर माझं मत तिलाच.

तोल बघायचा तर पात्याची पाठ तर्जनीवर आडवी टेकवून बघा. मुठीपासून तीन बोटांच्या आत तोलली तर हात पटकन वळतो. पाच बोटांवर तोलत असेल तर ती कुऱ्हाडीच्या जातीची.

मूठ. इथे आपल्या लोकांची गल्लत होते ती शिंगावर भाळण्यात. म्हशीच्या शिंगाची काळी, चकाकती मूठ दिसते फार छान, पण घामाने निसरडी होते. शिवाय नेपाळच्या डोंगरातून ती आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात आली की आकसते आणि टोपीशी फट पडते. सोलापूर, नगर, विदर्भाकडे राहत असाल तर शिंगाचा विचारच सोडा. शिसवाची मूठ घ्या आणि फार गुळगुळीत पॉलिश नको म्हणून सांगा. पारंपरिक मुठीच्या मध्यावर गोल कंगोरा असतो. तो मधल्या दोन बोटांत बसतो आणि खेचून कापताना हात सरकू देत नाही. पण दिवसाला दोनशे हात काढलेत की तिथेच फोड येतो. कंगोरा अगदी बारीक असलेली मूठ मागा, किंवा घरी येऊन पॉलिश पेपरने थोडा उतरवा. आणखी एक गोष्ट, मुठी लहान असतात. तुमचा पंजा रुंद असेल तर चार इंची मुठीत करंगळी बुडाच्या फुगीर भागावर चढते आणि पकड गेली. पंज्याची रुंदी मोजून जा आणि तिच्यापेक्षा बोटभर जास्त लांब मूठ घ्या.

तलवारीला परज असते, कट्यारीला बाजूच्या पट्ट्या असतात. खुकरीच्या हाताला आडोसा कसलाच नाही. मुठीच्या पुढे, पात्याच्या बुडाशी जी छोटी खाच असते तिला काउडी म्हणतात. तिच्याबद्दल गायीचं खूर, शिवाचा त्रिशूळ, रक्त मुठीवर ओघळू नये म्हणून वगैरे बरंच सांगितलं जातं. एवढं खरं की तिच्यात समोरच्याचं पातं अडकवता येत नाही. कोणी तशी कला शिकवत असेल तर त्याला आधी स्वतःच्या बोटांवर करून दाखवायला सांगा. आडोसा नसल्यामुळे पात्यावर पातं घेणं, अडवणं, हे खुकरीच्या सरावात जवळपास नसावंच. घसरलेला वार थेट बोटांवर येतो. बाजूला होणं आणि समोरच्या हातावर मारणं, अर्निसमध्ये तुम्ही शिकलात तेच इथे चालतं. तसंच, खुकरीची हजारो वर्षांची गुप्त विद्या म्हणून जे विकायला असतं त्याला भुलू नका. पलटणीत खुकरीची कवायत असते, प्रात्यक्षिकं असतात आणि गावाकडे लहानपणापासून हातात खेळलेलं हत्यार असतं. उरलेलं बरंचसं अलीकडे, दुसऱ्या कलांमधून उचलून जोडलेलं आहे. त्यात वाईट काही नाही, पण तसं मोकळेपणाने सांगावं.

भोसकण्याच्या हातांचा सराव करणार असाल तर आणखी एक तपासणी करा. मुठीच्या मध्यातून एक दोरा सरळ पुढे ताणा आणि पात्याचं टोक त्याच्या किती खाली येतं ते बघा. सौम्य वळणाच्या सिरुपातेत ते थोडंच खाली असतं, तेवढं मनगट उचलून भागतं. जास्त वाकलेल्या पात्यात टोक इतकं खाली येतं की सरळ हात दिला तर ते पोटाकडे न जाता मांडीकडे बघतं.

पोलादाची चौकशी करताना फार खोलात जायची गरज नाही. कामी समाजाचे लोहार पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आले आहेत, आणि आज त्यांच्याकडचं पोलाद बहुतेक वेळा गाड्यांच्या कमानपाट्याचं असतं, आपल्याकडचे लोहार कोयत्याला वापरतात तेच. चांगलं पोलाद आहे. फरक पडतो पाणी देण्यात. ते सबंध पातं बुडवत नाहीत. लाल झालेल्या पात्याच्या धारेवर किटलीतून पाण्याची धार सोडत नेतात. त्यामुळे धार, विशेषतः पोटाशी, कडक होते आणि पाठ मऊ, चिवट राहते. फटका बसला तरी पातं तुटत नाही ते यामुळे. दुकानदार तयार असेल तर छोटी कानस पोटाच्या धारेवर हळूच फिरवून बघा, ती घसरली पाहिजे. पाठीवर तीच कानस चावली पाहिजे. दोन्हीकडे चावत असेल तर पाणी बसलेलं नाही. उजेडात धरून काउडीच्या कोपऱ्यांत आणि पोटाच्या धारेवर केसाएवढी भेग आहे का तेही बघा. पाणी देताना पडलेली भेग तिथेच सापडते. काठमांडूतल्या थामेलच्या पर्यटकी दुकानांतल्या पितळी सिंहमुखी मुठींच्या, पात्यावर नक्षी कोरलेल्या, आरशासारख्या चकचकीत खुकऱ्यांना ही तपासणी लावूच नका. त्या भेट द्यायच्या वस्तू आहेत. वेळ असेल तर पूर्वेकडे धरानला किंवा भोजपूरला जाऊन कारागिराकडून मापाने करून घ्या. नेपाळपर्यंत जाणं जमत नसेल त्यांच्यासाठी दार्जिलिंग आणि डेहराडूनला चांगला माल मिळतो.

म्यान दोन पातळ लाकडी फाकांचं असतं, वरून चामडं चढवलेलं. बाहेरून भक्कम वाटतं, पण धारेच्या बाजूला दोन फाका फक्त एकमेकींना टेकलेल्या असतात. खुकरी उपसताना डाव्या हाताने म्यान सबंध मुठीत धरलं आणि पातं जरा तिरकं निघालं, की ते शिवण कापून थेट बोटांवर येतं. खुकरीच्या जखमा समोरच्याच्या फटक्यापेक्षा अशा उपसण्यातच जास्त होतात. म्यान नेहमी पाठीच्या बाजूने धरायचं, अंगठा आणि बोटं धारेच्या रेषेवर येऊच द्यायची नाहीत, आणि पात्याची पाठ म्यानाला घासत बाहेर काढायची. घेताना म्यान उलटं करून बघा. खुकरी आपोआप पडता कामा नये, आणि काढायला हिसकाही लागता कामा नये. म्यानाच्या मागे कर्द आणि चकमक अशी दोन छोटी पाती खोचलेली असतात. कर्द बारीकसारीक कापायला, चकमक धार बसवायला आणि पूर्वी ठिणगी पाडायला. सरावाला जाताना ती दोन्ही घरी ठेवा. लोळण घेताना कर्द बाहेर आली तर नको तिथे रुतते.

उपसलेली खुकरी रक्त लागल्याशिवाय म्यानात जात नाही ही कथा तुम्ही ऐकली असेलच. रोज तिनेच भाजी चिरणाऱ्या नेपाळी माणसाला ती सांगून बघा.

आता त्या पहिल्या, बिनधारेच्या खुकरीकडे येतो. ती नेपाळमधून आणायची गरजच नाही, जायच्या आधी घरी करा. लोक लाकडाची करायला जातात आणि ती वाकणाशी तुटते. कारण सरळ फळीतून खुकरीचा आकार कापला की वाकणाच्या जागी लाकडाच्या रेषा आडव्या कापल्या जातात आणि तिथे जोर राहत नाही. सागाची तर हमखास चिरते. करायचीच तर मुळातच वाकलेली बाभळीची फांदी शोधा, म्हणजे रेषा वाकणाबरोबर वळतात. ते जमत नसेल तर स्वयंपाकघरातला जाड पांढरा प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड घ्या, बारा मिलिमीटर जाडीचा. त्यावर खुकरीचा आकार आखून करवतीने कापा, कडा कानशीने गोल करा, मुठीला सायकलच्या हँडलची टेप गुंडाळा. तुटत नाही, चिरत नाही, पावसात कुजत नाही. जोडीदाराबरोबरचा सगळा सराव याच खुकरीने. तिचं टोकही रुपयाच्या नाण्याएवढं गोल हवं, आणि डोळ्यांना चष्मा हवाच. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात फरी-गदका खेळतात, तिथे गदक्यावर चामडं चढवलेलं असतं आणि हातात ढाल असते. जोडीच्या खेळाला मऊ हत्यार ही गोष्ट आपल्या आखाड्यांना जुनीच माहीत आहे.

प्लास्टिकची खुकरी हलकी असते, त्यामुळे तिच्यावर हात फार वेगात जायला शिकतो, आणि तोच वेग पोलादावर नेला की कोपर धरतं. यासाठी मधला टप्पा बोथट पोलादाचा. तुमची पोलादी खुकरी बोथटच करून आणा. लोहाराला सांगायचं, धार काढू नको, कड दोन मिलिमीटर जाड आणि गोल ठेव, पाणी मात्र नेहमीसारखं दे. म्हणजे पुढे हात तयार झाल्यावर तिलाच धार काढून घेता येईल, वेगळी घ्यावी लागणार नाही. ही बोथट खुकरी फक्त एकट्याच्या सरावाला. बोथट म्हणून ती जोडीदारावर फिरवायची नाही. चारशे ग्रॅम पोलाद पुढच्या वजनाने बोटांवर किंवा गळ्याच्या हाडावर आलं की धार असण्या-नसण्याने काही अडत नाही. तीस-चाळीस हात सावकाश, प्रत्येक हात ठरलेल्या जागी थांबवत, मग विश्रांती. दिवसाचा आकडा वाढवायची घाई नको. कोपर दुखलं तर दोन आठवडे बंद, त्यावर मलम लावून चालू ठेवायचं नाही.

उपसण्याचा सरावही बोथट खुकरीनेच. धारेची खुकरी झटक्यात उपसण्याची गरज कोणत्याही सरावात पडत नाही, प्रात्यक्षिकाच्या हौसेत पडते.

धार कधी काढायची? बोथट खुकरीने पूर्ण वेगातला तिरपा हात कमरेशी थांबतो आणि टोक चार बोटांपलीकडे जात नाही, हे सलग जमू लागलं की. मग लक्ष्यावर कापून बघा. केळीचा खांब यासाठी उत्तम. जळगाव-रावेरकडे राहत असाल तर घड उतरल्यावर तोडलेले खांब शेतकरी आनंदाने देतील. शहरात पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या चालतात. कापायची वस्तू कमरेच्या वर ठेवा. कमी उंचीवर मारलेला तिरपा हात लक्ष्य चुकला तर थेट पुढच्या गुडघ्यावर किंवा नडगीवर येतो, आणि खुकरीच्या वाकामुळे टोक अंदाजापेक्षा लवकर पोहोचतं. उजव्या हाताने मारताना डावा पाय मागे, डावा हात छातीशी किंवा पाठीमागे. समोर आणि दोन्ही बाजूंना कोणी उभं राहायचं नाही, मोबाईल धरणारासुद्धा. केळीचा चीक पोलादावर काळे डाग पाडतो, लगेच धुऊन, पुसून तेल लावा. धार बहिर्गोल असते, त्यामुळे कात्री-सुऱ्यांच्या खाचेच्या यंत्रात ती घालू नका. रबरी चपलेच्या तळव्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून पातं मागे ओढत नेलं की धार तशीच गोल राहते. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात खुकरी म्यानात ठेवायची नाही. चामडं ओल धरतं आणि चार दिवसांत गंज येतो. तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळा, म्यान वेगळं वाऱ्यावर.

राहिला कायदा. शस्त्र नियमांच्या अनुसूचीतल्या पाचव्या वर्गात तलवारी, भाल्यांबरोबर नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या येतात, आणि तिथे कृपाण आणि खुकरी ही नावं घालून लिहिली आहेत. घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या हत्यारांना त्यातून सूट आहे, पण युद्धकलेच्या सरावासाठी आणलेली खुकरी शेतीची आहे हे पोलीस चौकीत पटवून देणं सोपं जाणार नाही. 'लांब किंवा रुंद' यातला 'किंवा' विसरू नका. अंगखोला आणि बुधुनेचं पोट आठ इंची पात्यातही सहज दोन इंचांपलीकडे जातं. सिरुपाते दोन्ही मापांत बसते, पावणेनऊ इंची सांगायचं खरं कारण हेच. तेवढ्याने वाट्टेल तिथे न्यायची मुभा मिळते असंही नाही. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ च्या कलम ३७ खाली सणावारांच्या, निवडणुकांच्या काळात शस्त्रं, सुऱ्या, अगदी लाठ्या बाळगण्यावर बंदीचे आदेश वरचेवर निघतात, आणि त्यात तुमची बोथट खुकरीही सापडेल. घरून वर्गापर्यंत न्यायची तर म्यानासकट कापडात बांधून, पिशवीच्या तळाशी, आणि दुचाकीवर कमरेला लावून कधीच नाही. वर्गाचं ओळखपत्र जवळ ठेवा. ऑनलाइन घरपोच मिळाली याचा अर्थ ती कायदेशीर आहे असा होत नाही, दुकानदाराने माप बघितलेलं नसतं. येताना विमानाने येणार असाल तर खुकरी केबिनच्या सामानात चालणार नाही, चेक-इनच्या बॅगेत टोकाला पुठ्ठा बांधून टाका आणि पात्याचं माप लिहिलेली दुकानाची पावती पाकिटात ठेवा.